कारभारी आणि आंधळा सम्राट

जपानच्या दरबारातल्या कारभाऱ्यांची नावं मला एके काळी ओळीने पाठ होती. कोण कुणाचा मुलगा, कुणी आपली मुलगी कुठल्या सम्राटाला दिली, कुणाचा नातू किती वर्षांचा असताना गादीवर बसला, सगळं. आता त्यातलं एकही नाव सांगता येत नाही. छापलेलं दिसलं की ओळखतो, पुस्तक मिटलं की गेलं. म्हणून इथे मी कुणाचंच नाव देणार नाही. घरच्यांचंही नाही.

मी कुवेतमध्ये, फहाहीलला राहतो. अठरा वर्षं इथल्या एका तेल प्रकल्पावर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होतो. पाइपातला दाब, टाकीतली पातळी, भट्टीचं तापमान मोजणारी यंत्रं खरं बोलतायत की नाही, हे बघायचं माझं काम. सुरुवातीच्या वर्षांत आमच्यात एक म्हातारे जपानी इंजिनियर होते. कंत्राट संपून ते परत निघाले तेव्हा त्यांनी आपल्या कपाटातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. "तुम्ही सारखं विचारता ना, आमचा सम्राट राज्य करत नाही तर मग करतो काय? वाचा," म्हणाले.

मी वाचलं, आणि पुढची बारा वर्षं वाचतच राहिलो. शुक्रवारी लोक समुद्रावर जायचे, क्रिकेट खेळायचे. मी जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसायचो. पोस्टकार्डाएवढी जाड पांढरी कार्डं, प्रत्येकावर मराठीत एक हकीकत. बायको म्हणायची, "अहो, जेवायला जागा ठेवा जरा." ती मिरजेत शिकलेली लॅब टेक्निशियन. इथे एका सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासण्याच्या विभागात आहे. आमची एकुलती एक मुलगी त्यातल्या शेवटच्या वर्षी नववीत होती. ती कार्डं बघून "बाबा, यू आर सो वियर्ड" म्हणायची आणि मला ते आवडायचं.

थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सम्राट लहान असला की त्याच्या वतीने जो राज्य चालवतो तो सेश्शो. त्यात समजायला अवघड काही नाही. मूल मोठं होईपर्यंत कुणीतरी बघायला हवं. पण सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका सरदार घराण्याने दुसरं पद काढलं, काम्पाकू. सम्राट मोठा झाला, शहाणा आहे, धडधाकट आहे, तरी प्रत्येक कागद आधी काम्पाकूकडे जायचा आणि मग सम्राटापुढे. हे घराणं लढाया करून वर आलं नव्हतं. ते आपल्या मुली सम्राटांना द्यायचे, नातू गादीवर बसवायचे आणि आजोबा म्हणून कारभार बघायचे. पिढ्यान् पिढ्या. सम्राट मोठा होऊन प्रश्न विचारायला लागला की त्याला समजावून बाजूला करायचं आणि पुढचा लहान नातू आणायचा.

मला या कारभाऱ्यांचं भारी कौतुक होतं. रक्तपात नाही, आरडाओरडा नाही, सगळं कागदावर आणि गोड बोलून. इथल्या मराठी मंडळात मी यावर एक व्याख्यानही दिलं होतं. साठेक माणसं होती. एका काकांनी मध्येच विचारलं, "म्हणजे आपले साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे?" सगळे हसले आणि व्याख्यानात जान आली. मी दोन गोष्टी रंगवून सांगितल्या. पहिली एका शब्दाची. एका नव्या सम्राटाने आपल्या बलाढ्य मंत्र्याला कारभार सांभाळायची विनंती केली. रिवाजाप्रमाणे मंत्र्याने आधी नको म्हटलं. सम्राटाने दुसरं फर्मान काढलं, पण ते लिहिणाऱ्या पंडिताने पदासाठी एक जुना चिनी शब्द वापरला. कुणीतरी मंत्र्याच्या कानात सांगितलं की हा शब्द नुसता मानाचा आहे, त्याला काम काहीच नसतं. झालं. मंत्र्याने घरी बसून घेतलं, एका कागदाला हात लावेना. काही महिने राज्य खोळंबलं. शेवटी सम्राटानेच लिहून दिलं, तो शब्द माझ्या मनातला नव्हता.

दुसरी गोष्ट आंधळ्या सम्राटाची. ती मी दोन वाक्यांत उरकली. म्हणालो, "या सम्राटाची दृष्टी जात चालली होती. कारभाऱ्याने त्याला सुचवलं, महाराज, कागद दिसत नाहीत तर गादीवर बसून करणार काय? आता यात कारभाऱ्याचं काय चुकलं, सांगा." लोक पुन्हा हसले. बायको दुसऱ्या रांगेत होती, तीही हसली.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, सकाळी सव्वासहाच्या सुमाराला, कंपनीच्या बसची वाट बघत असताना माझ्या हातातला डबा खाली पडला. उचलायला वाकलो तर उजवा हात माझं ऐकेना. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, "क्या हुआ भाई?" मला म्हणायचं होतं, काही नाही. तोंडातून नुसता आवाज आला.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. हात-पाय हळूहळू सुधारले. पाय जास्त, हात कमी. पण बोलणं गेलं. डॉक्टर बायकोला समजावत होते ते मी पलंगावरून ऐकत होतो. "त्यांना सगळं समजतंय. शब्द मिळत नाहीत, एवढंच." एवढंच! पाणी हवं असेल तर मी खिडकीकडे बघून "किल्ली" म्हणायचो आणि स्वतःच दचकायचो. गंमत अशी की पाढे येत होते. बोलण्याच्या थेरपीला येणाऱ्या केरळच्या बाईंनी बायकोला सांगितलं, लहानपणी पाठ केलेलं काहीतरी सुरू करून द्या. ती म्हणाली, "बे एके बे," आणि मी बे दाहे वीसपर्यंत घडघडा म्हणून दाखवलं. ती रडायला लागली. तिला वाटलं, सगळं परत आलं. लगेच विचारलं, "माझं नाव सांगा बरं." मी म्हणालो, "तीन एके तीन."

घरी आल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. बायकोने मला कधी एकेरी हाक मारलेली नव्हती. अठरा वर्षं "अहो" आणि "तुम्ही". आता ती म्हणत होती, "चल, ऊठ. तोंड उघड. असं नाही करायचं, शहाणा आहेस ना तू?" ते केव्हा सुरू झालं ते तिलाही कळलं नसावं. दमून यायची, सात तास उभं राहून रक्ताच्या नळ्या तपासून यायची आणि आल्या आल्या मला आंघोळ घालायची. अशा माणसाला तुम्ही-आम्ही कुठून सुचणार? पण मला ते टोचायचं. मुलगी ते ऐकून माझ्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलायला लागली, जणू माझे कानच गेले होते.

लोक भेटायला येत आणि माझ्यासमोर तिला विचारत, "जेवतात का?" ती सांगे, "जेवतो व्यवस्थित." कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस, कागदांचा गठ्ठा घेऊन आला. चांगला माणूस, माझ्याबरोबर कितीदा चहा प्यायला होता. तोही माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "सिस्टर, इनको समझा दो." तिने मला समजावलं नाही. वेळ नव्हता, तिची ड्यूटी होती. माझा डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. मी वाचायला मान वळवली तर म्हणाली, "मी वाचलंय रे सगळं."

माझी आजारपणाची रजा संपत आली होती. नोकरी संपली की इकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी, संपणार. तिच्या नोकरीवर माझा इकामा निघेल का, हे कुणी धड सांगत नव्हतं. एका खिडकीवर होईल म्हणायचे, दुसऱ्यावर अमुक कागद आणा, तिसऱ्यावर नाहीच होणार. ती रजा टाकून टाकून फिरत होती. त्याच दिवसांत तिचं मिरजेला माझ्या धाकट्या भावाशी रोज बोलणं सुरू झालं. मी बैठकीच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं.

"भाऊजी, तिथे फिजिओथेरपीवाला घरी येईल का? ... खालच्या मजल्याची खोली आहे ना, जिना नको त्याला ... मुलीची बारावी होईपर्यंत तरी. मग बघू. मला एकटीला दोन्ही नाही जमत हो."

बारावी व्हायला अजून अडीच वर्षं होती.

मी ऐकत होतो. मला तिचा राग आला असं म्हणणं सोपं होईल. पण तिचं काही चूक आहे असं मला सांगता आलं नसतं, बोलता येत असतं तरीही. तिला खरंच जमत नव्हतं. फक्त माझ्याविषयी चाललेल्या त्या बोलण्यात मी कुठेच नव्हतो.

एका शुक्रवारी दुपारी तिने मला रीतसर विचारलं. हे मला मुद्दाम लिहायला हवं, कारण ती विचारायचं टाळत नव्हती. भाऊ फोनच्या पडद्यावर होता. ती माझ्याशेजारी बसली, माझा लुळा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू मिरजेला जाशील ना थोडे दिवस? भाऊजींकडे? आम्ही सुट्टीत येऊ. चालेल ना तुला?"

मला नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द मला डोक्यात स्पष्ट दिसत होता, दोन अक्षरं, पहिल्याला काना, दुसऱ्याला वेलांटी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो."

मी मान हलवली. दुरुस्त करायला पुन्हा जोर लावला. "हो. हो, हो."

पडद्यावरून भाऊ म्हणाला, "बघा वहिनी, दादा स्वतःच हो म्हणतोय. उगाच तुम्ही काळजी करत होतात." त्याच्या आवाजात खरंच प्रेम होतं. बायकोने माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि मग खाली बघितलं. "ठरलं मग," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी बोलण्याचा सराव बंद केला. थेरपीच्या बाई आल्या की भिंतीकडे तोंड करायचो. बायकोने पाढ्याला सुरुवात करून दिली तरी गप्प. जेवायचो, चालायचो, पण तोंडातून आवाज काढायचा नाही असं ठरवलं. चुकीचा शब्द बाहेर पडण्यापेक्षा शब्दच नको. ती विनवायची, मग रागवायची, "असं केलंस तर कसं होणार तुझं?" मला वाईट वाटायचं आणि कुठेतरी बरंही वाटायचं. माझ्याकडे नाकारण्यासारखं एवढंच उरलं होतं.

त्या दिवसांत मला आंधळा सम्राट आठवायला लागला. त्याच्यावरची माझ्याकडे तीन-चार कार्डं होती. व्याख्यानात वापरलं ते फक्त पहिलं. बाकीची मी डाव्या हाताने खोक्यातून शोधून काढली. वाचायला वेळ लागायचा. एका ओळीला पाच मिनिटं. पण समजायचं. कधीकाळी मीच लिहून ठेवलं होतं: वैद्यांनी सांगितलं म्हणून हा सम्राट ऐन थंडीत डोक्यावर बर्फासारखं पाणी ओतून घ्यायचा. अंग निळं पडेपर्यंत. दृष्टी परत यावी म्हणून देवळांमधून प्रार्थना करवायचा. कारभारी पुन्हा पुन्हा यायचा आणि गादी सोडा म्हणायचा. कारण कारभाऱ्याचा नातू, एक लहान मुलगा, तयार होता. सम्राट काही काळ तसाच चिकटून बसला. शेवटी एका अटीवर उतरला, माझ्यामागे माझा मुलगा युवराज व्हावा. अट मान्य झाली. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि थोड्याच दिवसांत त्या मुलाने आपलं पद "आपणहून" सोडलं. आपणहून या शब्दाभोवती मीच अवतरणचिन्हं घातली होती. एवढं कळत होतं मला, तरी मी माणसांना हसवलं होतं.

एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली. चहा घेऊन टेबलाशी बसली तेव्हा मी त्यातलं एक कार्ड तिच्यापुढे सरकवलं. तिला वाटलं, मला सराव करायचाय. खूश झाली. "वाचू? तू माझ्यामागून म्हणणार?" तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बर्फाच्या पाण्यापर्यंत आली. कारभाऱ्यापर्यंत आली. मग आवाज कमी झाला आणि पुढचं तिने मनात वाचलं. कार्ड पालथं ठेवलं.

"हे मला दाखवताय तुम्ही?"

तुम्ही. कितीतरी महिन्यांनी.

"मी काय तुमचं राज्य घेतलंय? कसलं राज्य? लघवीचं भांडं आणि इकाम्याच्या रांगा, हे राज्य?" ती ओरडत नव्हती. मुलगी आत अभ्यासाला बसली होती म्हणून दबक्या आवाजात बोलत होती आणि त्यामुळे ते जास्त लागत होतं. "आणि तुम्ही काय करत होतात इतकी वर्षं? आठवतंय, बनेद अल-गारच्या क्लिनिकमधून फोन आला होता? लॅबची इन्चार्ज म्हणून बोलावत होते. फोन माझा होता. मी पोळ्या करत होते, तुम्ही उचललात. आणि सांगून टाकलंत, तिला जमणार नाही, मुलगी लहान आहे, इतक्या लांब रोजचं जाणं-येणं. फोन ठेवल्यावर मला सांगितलंत. छान शांतपणे. मी एक शब्द बोलले? मी कार्डं लिहिली?"

मला आठवत होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं तेव्हा. तिचा त्रास वाचवला असंच मी स्वतःला सांगितलं होतं. हेही आठवलं की पोळी तव्यावर तशीच राहिली होती आणि जळाली होती, आणि मी म्हणालो होतो, अगं लक्ष कुठंय तुझं.

मी काहीतरी बोलायला बघितलं. आलं ते "पाच एके." मी तोंड मिटलं.

चहावर साय आली. मग ती उठून मुलीच्या खोलीतून एक कागद आणि पेन घेऊन आली. कागदाच्या एका टोकाला मोठ्या अक्षरात लिहिलं "हो", दुसऱ्या टोकाला "नाही". माझ्यापुढे ठेवला.

"मिरजेला जायचंय तुम्हाला?"

मी डाव्या हाताचं बोट नाहीवर ठेवलं. आणि दाबून धरलं.

तिने कागदाकडे बघितलं. "मला माहीत होतं," म्हणाली. "त्याच दिवशी. तुमचं हो खरं नव्हतं. डोळ्यांवरून कळलं होतं मला. पण मला ते हवं होतं. मी इतकी दमले होते की मला ते हो हवंच होतं."

मुलगी दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. ती म्हणाली, "आई, डोन्ट क्राय," आणि मग माझ्याकडे बघून, हळू नाही, तोडून नाही, नेहमीसारखं, "बाबा, यू शुड हॅव टोल्ड अस बिफोर." मग तिलाच जाणवलं, आपण काय बोललो ते, आणि ती रडायला लागली. मला मात्र फार बरं वाटलं. कुणीतरी माझ्यावर रागावलं होतं.

इथून सगळं सुरळीत झालं असं सांगायला आवडलं असतं. झालं असं की कागद वेळेत निघाला नाही. इकामा संपायला आठवडा राहिला तेव्हा मला जावंच लागलं. पण जायच्या आधी तिने भावाला फोन केला, तो माझ्यासमोर, स्पीकरवर. "भाऊजी, एक सांगते. ते नाही म्हणालेत. त्यांना यायचं नाहीये. नाइलाज म्हणून पाठवतेय. तेव्हा ते हो म्हणाले होते ते चुकून. हे तुम्ही लक्षात ठेवा, कुणी विचारलं तर असंच सांगा." भाऊ गोंधळला. "वहिनी, आता येतोय ना दादा, मग कशाला हे..." ती म्हणाली, "नाही, लक्षात ठेवा."

मी डाव्या हाताने एका कागदावर एक शब्द लिहून तिला दिला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. "परत." तिने तो घडी करून हॉस्पिटलच्या ओळखपत्रामागे ठेवला.

मिरजेचे पाच महिने वाईट नव्हते. भाऊ आणि त्याची बायको दोघांनी जीव लावला. पण तिथेही माझ्यासमोर माझ्याविषयी बोललं जायचं, आणि तिथे मला ओळखणारे जास्त, म्हणून बोलणारेही जास्त. मी सराव पुन्हा सुरू केला. रोज सकाळी व्हरांड्यात बसून दोन-दोन शब्द. व्हिडिओवर बायको विचारायची आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायची. कधीकधी इतका वेळ की पडदा गोठला असं वाटायचं. रजा काढून काढून तिचे वरिष्ठ वैतागले होते. तिची एक बढती त्या वर्षी हुकली. ते तिने मला सांगितलं नाही. मुलीने सांगितलं. शेवटी कुठल्याशा खिडकीवरच्या एका कुवेती बाईने तिचे कागद स्वतः लावून दिले आणि तिच्या नोकरीवर माझा इकामा निघाला. विमानतळावर ती घ्यायला आली तेव्हा मी तिचं नाव घेतलं. रस्त्यात सराव करत आलो होतो. एका अक्षराची चूक झाली. तिने दुरुस्त केली नाही.

आता मी बोलतो. सावकाश, अडखळत, कधी भलतंच. हे सगळं लिहायला मला सात महिने लागले आणि मुलीने टाइप केलं. मध्येच विचारते, "बाबा, इज धिस करेक्ट?" बायकोने वाचलेलं आहे. एकच जागा काढायला सांगितली, ती मी काढली.

पण आमच्यात काहीतरी अवघडलेलं राहिलं आहे. माझ्या हो-नाहीवर आता तिचा विश्वास नाही. ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. चहा हवा? हो. खरंच हवा? बाहेर जाऊ या? नको. नक्की नको? मला त्याचा वैताग येतो. पण एकदाच विचारलं तर भीती वाटते. आणि ती कधी तू म्हणते, कधी तुम्ही. त्यात काही ठरलेलं नाही.

मागच्या महिन्यात आम्ही फार्मसीत गेलो होतो. गर्दी होती. काउंटरवरच्या माणसाने तिला विचारलं, काय हवंय? ती म्हणाली, "यांना विचारा. यांचं औषध आहे." तो माझ्याकडे वळला. औषधाचं नाव मला माहीत होतं. रोज घेतो. पहिलं अक्षर आलं, पुढचं येईना. मागच्या माणसाने उसासा टाकला. कुणीतरी अरबीत काहीतरी पुटपुटलं. मी तिची बाही ओढली. सांग तू. ती ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिली. शेवटी मी नाव सांगितलं. पण गोळीच्या मात्रेचा आकडा चुकला, पाचच्या जागी पन्नास. तो गोळ्या काढायला वळला तेव्हा तिला बोलावंच लागलं. "पाच. पाच मिलिग्रॅम."

गोळ्या घेऊन आम्ही गाडीत बसलो. चाळीस नंबरच्या रस्त्यावर दुपारची गर्दी. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "बोलले तरी चुकते, गप्प बसले तरी चुकते. मी कधी बोलायचं, ते तुम्हीच सांगा मला एकदा."

मी विचार करायला लागलो. ती थांबली. सिग्नल सुटला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तिने गियर टाकला. घरापर्यंत मला उत्तर मिळालं नाही. शब्द अडला होता म्हणून नव्हे. मला खरंच माहीत नव्हतं.